कात्रजचे घुमट आणि त्यांच्या खालचे खांब

कात्रजचा जुना घाट उतरून पुण्यात शिरताना डोंगराच्या पायथ्याशी पाण्याच्या उंच टाक्या नजरेत येऊ लागतात. आठ-दहा खांब, त्यांना मध्येमध्ये बांधणाऱ्या आडव्या तुळया, वर गोल टाकी आणि टाकीवर काँक्रीटचा बसका घुमट. कात्रज १९९७ मध्ये महापालिकेत आले. मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी ही शेजारची गावे २०२१ मध्ये आली. वस्ती डोंगराच्या अंगावर चढते आहे, तिला पाणी हवे आहे, आणि पाण्याला दाब यायचा तर ते उंचावर साठवावे लागते. म्हणजे या भागात काँक्रीटचे घुमट वाढतच जाणार. टाक्यांवरचे आहेत, तसेच देवळांवरचे, मशिदींवरचे आणि संस्थांच्या सभागृहांवरचेही.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी याच कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले. ते पाणी जमिनीच्या पोटातून उताराने वाहत होते. धरणी हादरली तरी कोणाच्या डोक्यावर पडेल असे त्यात काही नव्हते. आज तेच पाणी आपण वीस-पंचवीस मीटर उंच खांबांवर तोलून धरतो. त्याला इलाज नाही. पण उंचावर तोललेल्या वजनाची जबाबदारी वेगळी असते, आणि ती आपण पुरेशी ओळखलेली दिसत नाही.

घुमट मजबूत असतो, ही सर्वसाधारण समजूत खरी आहे. मला काळजी वाटते ती या खऱ्या समजुतीचीच. वर घुमट शाबूत दिसला की टाकी शाबूत आहे, इमारत शाबूत आहे, असा निष्कर्ष आपण काढतो. वारा आणि भूकंप मात्र घुमटाला क्वचितच धरतात. ते धरतात घुमटाच्या काठाला आणि त्याच्या खालच्या खांबांना.

हे आकड्यांतच पाहणे बरे. बारा मीटर व्यासाचा, मध्यभागी दोन मीटर उंची असलेला घुमट घ्या. अशा घुमटाच्या गोलाची त्रिज्या दहा मीटर येते. काँक्रीटची जाडी अवघी १०० मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरला अडीचशे किलो वजन. गिलावा, जलरोधक थर आणि दुरुस्तीसाठी वर चढणारी माणसे यांचे आणखी दीडशे किलो धरू. चारशे किलोचा हा भार घुमटाच्या अंगातून काठाकडे उतरतो, तेव्हा काठाच्या दर मीटरवर साधारण सव्वादोन टनांचा दाब येतो. काँक्रीटवर पडणारा ताण चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. एम-३० प्रतीच्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद तीनशे किलो. म्हणजे घुमट आपल्या ताकदीच्या शंभराव्या हिश्शातही नसलेले काम करत असतो. इतके सुखात असणारे दुसरे अंग बांधकामात सापडणे कठीण.

हे सुख ज्याच्या जिवावर चालते ती गोष्ट काठाशी असते. घुमट खाली दाबतो तसा बाहेरही ढकलतो. याच उदाहरणात काठाच्या दर मीटरवर जवळपास पावणेदोन टनांचा बाहेरचा रेटा असतो. तो रोखण्यासाठी काठाभोवती रिंग बीम घालतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, तेच काम ही तुळई करते: फाकू पाहणाऱ्या काठाला आवळून धरणे. तिच्यात अकरा टनांच्या आसपास निव्वळ ओढ असते, आणि काँक्रीट ओढ सोसत नाही. सगळी ओढ सळयांवर येते. पाण्याच्या टाकीसाठी पोलादावर जेवढा ताण मान्य आहे तेवढा धरला, तर १२ मिलिमीटरच्या आठ सळया पुरतात.

फक्त आठ सळया. सुमारे सव्वाशे चौरस मीटरच्या त्या छताचा तोल या आठ सळयांवर आहे, आणि त्या आहेत नेमक्या सर्वांत वाईट जागी. टाकीच्या मॅनहोलमधून विजेरी घेऊन घुमटाची आतली बाजू पाहिली की याचा अर्थ कळतो. पाण्यात कायम बुडालेला भिंतीचा भाग बहुधा ठीक असतो. पाण्याच्या पातळीच्या वरचा भाग मात्र चोवीस तास दमट हवेत आणि क्लोरीनच्या वाफेत असतो. तिथे काँक्रीटवर तांबूस डाग येतात, मग सळईच्या रेषेत भेग पडते, मग पोपडा सुटून गंजलेली सळई उघडी पडते. गंजाने १२ मिलिमीटरची सळई चहूबाजूंनी एक-एक मिलिमीटर खाल्ली, तर ती दहाची उरते आणि तिचे क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी घटते. बाहेरून मात्र टाकीला दरवर्षी रंग लागतो, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती नवीच वाटते.

आता वारा. पुण्यासाठी भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाने मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या थोडा वर येतो. घुमटावरून वारा जातो तेव्हा तो समोरच्या बाजूला ढकलतो आणि माथ्यावर वर ओढतो. डोंगरउतारावर वारा वेग धरतो, म्हणून तिथे मानक वेगाला १.३६ पर्यंत गुणायला सांगते. कात्रजसारख्या जागी हा गुणक विसरून चालणार नाही, कारण वेग १.३६ पट झाला की दाब १.८५ पट होतो. तरीही आकडा पावणेदोनशे किलोच्या आतच राहतो, आणि आपला घुमट स्वतःच अडीचशे किलोचा आहे. काँक्रीटचा घुमट वारा उचलून नेणार नाही. त्याच आकाराचे पत्र्याचे किंवा फायबरचे छत मात्र सहज नेईल. सभागृहावर, मंदिराच्या मंडपावर स्वस्तात घुमटाचा आकार करून देणाऱ्यांकडून छत घेताना हा फरक ध्यानात ठेवावा. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ माणसे गेली. वाऱ्याला मोठे अंग दाखवणारी पण वजनाने आणि पायाने कमी पडणारी बांधणी काय करते, ते तेव्हा महाराष्ट्राने पाहिले.

काँक्रीटच्या कवचांनाही वाऱ्याने एकदा मोठा धडा दिला आहे. इंग्लंडमधील फेरीब्रिजच्या वीजकेंद्रात १ नोव्हेंबर १९६५ रोजी आठपैकी तीन शीतक मनोरे वाऱ्याने कोसळले. शंभर मीटरहून उंच, पातळ काँक्रीटचे ते मनोरे. एकेक मनोरा सुटा उभा आहे असे समजून वारा धरला गेला होता. प्रत्यक्षात पुढच्या रांगेतल्या मनोऱ्यांमधून घुसलेला वारा मागच्या रांगेवर जास्त जोराने, हिसके देत आदळला, आणि पडले ते मागचेच. कात्रज-आंबेगाव-कोंढवा पट्ट्यात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मोकळ्या माळावर बांधलेल्या टाकीच्या दोन्ही अंगांना आज वीस-वीस मजली इमारती असतील, तर त्या टाकीवर येणारा वारा आराखड्यातला राहिलेला नाही. हा हिशेब पुन्हा करायला हवा, विशेषतः टाकी रिकामी असतानाचा. रिकामी टाकी हलकी असते, आणि वाऱ्याच्या बाजूच्या खांबांना उचल तेव्हाच जास्त लागते.

वाऱ्याचे इतके पुरे. खरी काळजी भूकंपाची आहे.

पुणे देशाच्या भूकंप-नकाशावर तिसऱ्या विभागात येते. विभाग मधला, म्हणून निश्चिंत राहावे असे अनेकांना वाटते. महाराष्ट्राचा अनुभव तसे सांगत नाही. दख्खनचे पठार स्थिर आहे असे मानले जात होते, तेव्हा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे दगावली. कोयना धरण भूकंपासाठी वजनाच्या पाच टक्के आडवा जोर धरून बांधले होते. धरणात बसवलेल्या यंत्राने नोंदवलेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के होता. किल्लारी तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते. नकाशा नंतर बदलला. हजारो माणसे नकाशा बदलण्याआधी गेली.

कोयनेच्या धरणाला भेगा कुठे पडल्या, हे आपल्या विषयासाठी मोलाचे आहे. त्या तळाशी पडल्या नाहीत. धरणाचा मागचा उतार जिथे एकदम बदलतो, रुंद अंग जिथे अचानक अरुंद होते, तिथे पडल्या. भूकंप बांधकामातली अशी वळणे हुडकून काढतो. घुमट आणि भिंतीचा सांधा, टाकीचा तळ आणि खांबाचा माथा, खांब आणि आडवी तुळई यांचा जोड: उंच टाकी म्हणजे अशा जागांची एक रांगच आहे.

दहा लाख लिटरच्या टाकीत १००० टन पाणी असते. भूकंपात ते सगळे एकसारखे हलत नाही. खालचा हिस्सा भिंतीला धरून टाकीबरोबर सरकतो, वरचा हिस्सा संथ लाटांनी हिंदकळतो. सरकणारा हिस्सा आणि काँक्रीटचे स्वतःचे वजन मिळून पुन्हा हजार टनांच्या आसपास भरते. पुण्याच्या विभागात, कठीण जमिनीवर, नेहमीच्या खांबांच्या टाकीसाठी हिशेब केला तर या वजनाच्या पाच टक्के आडवा जोर येतो. मनोरा ताठ असेल तर तो बारा टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे वीस मीटर उंचीवर पन्नास ते सव्वाशे टनांचा आडवा धक्का, तोही क्षणाक्षणाला दिशा बदलणारा. हिंदकळणाऱ्या लाटेचे आणखी एक काम असते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर लाट घुमटावर खालून आदळते. घुमट आयुष्यभर वरून खाली येणाऱ्या भारासाठी बांधलेला, आणि इथे त्याला उलटा धक्का बसतो. म्हणून पाण्याची पातळी आणि घुमट यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची असते. पाणी जास्त साठावे म्हणून ती जागा भरून घेण्याचा मोह घातक आहे.

पाच टक्के हा आकडा वाचून दिलासा वाटला असेल, तर तो दिलासा घेऊ नये. भूकंपाची भारतीय संहिता आयएस १८९३ त्या विभागातला मोठ्यात मोठा संभाव्य भूकंप आधी निम्मा करते, आणि मग बांधकामाच्या लवचीकतेनुसार त्याला अडीच किंवा चारने भागते. टाकी महत्त्वाची म्हणून दीडपटीने वाढवते, पण तरीही आराखड्यातला जोर खऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी असतो. उरलेला जोर सळयांनी ताणून, वाकून, पण न तुटता पचवायचा, असा हा करार आहे. हा करार कागदावर होतो. तो पाळला जातो किंवा मोडला जातो साइटवर, सळया वाकवणाऱ्या माणसाच्या हातात.

खांबाच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा घालतात त्यांची टोके १३५ अंशांत वळवून खांबाच्या पोटात घुसवायची, असे आयएस १३९२० सांगते. साइटवर अनेकदा ती ९० अंशांतच वळवतात, कारण तसे सोपे जाते आणि सेंट्रिंगमध्ये बसते. रोजच्या भारात या दोन रिंगांमध्ये काही फरक पडत नाही. भूकंपात खांबाचे बाहेरचे काँक्रीट गळून पडले की ९० अंशांची रिंग उलगडते, आतले काँक्रीट मोकळे होते, उभ्या सळया फुगून वाकतात आणि खांब बसतो. १३५ अंशांची रिंग आपले टोक आतल्या काँक्रीटमध्ये रोवून धरून ठेवते. इंच-दोन इंच सळईचा प्रश्न आहे. इमारतीत एक खांब गेला तर शेजारचे दहा खांब थोडा भार वाटून घेतात. टाकीखाली मुळात खांबच आठ-दहा. वाटून घ्यायला कोणी नसते.

गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात आधाराचे हे महत्त्व दिसले. तिथे बऱ्याच टाक्या खांबांऐवजी काँक्रीटच्या पातळ पोकळ दंडगोलावर उभ्या होत्या. काही कोसळल्या, आणि अनेक दंडगोलांना तळाजवळ गोलाकार आडव्या भेगा गेल्या. दोष वरच्या घुमटाकडे नव्हता, आधाराकडे होता. त्याच भूकंपात भुजमधील राव लखपतजींच्या छत्रीची पडझड झाली. शतकांचे अंतर असलेल्या या दोन बांधकामांचे दुखणे एकच: वर जड माथा आणि खाली मोजकेच आधार. अहमदाबाद तर भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. तरी तिथे बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच तळमजल्यावर मोकळे पार्किंग असलेल्या होत्या. कोयनानगर कात्रजपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. अर्थात अहमदाबाद साबरमतीच्या गाळावर आहे आणि कात्रज काळ्या कातळावर, हा फरक मोठा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे.

पण कातळावर असण्याचा फायदा कातळावर पाया घेणाऱ्यालाच मिळतो. कात्रजच्या डोंगरावर उतार कापून सपाटी काढायची आणि निघालेला मुरूम पुढच्या बाजूला लोटून जागा वाढवायची, हे वर्षानुवर्षे चालले आहे. कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत जून २०१३ मध्ये अशाच डोंगरफोडीने पाण्याची वाट अडली आणि महामार्गावर लोंढा येऊन मायलेकी वाहून गेल्या. अशा सपाटीवर उभारलेल्या बांधकामाचे अर्धे खांब कातळावर आणि अर्धे भरावावर असू शकतात. धरणी हलली की भराव बसतो, कातळ बसत नाही. गोल टाकीला थोडाही कल सोसत नाही, आणि रिंग बीममधली समान वाटलेली ओढ एका बाजूला गोळा होते.

इमारतींवरच्या घुमटांचे आणि टाक्यांचे प्रकरण आणखी दुर्लक्षित आहे. भूकंपाचा हादरा इमारतीतून वर चढताना वाढत जातो. म्हणून गच्चीच्या वर निघणाऱ्या टाक्या, मनोरे यांसाठी मूळ इमारतीच्या पाचपट भूकंप-गुणांक धरावा, असे आयएस १८९३ सांगते. सभागृह किंवा देऊळ बांधून झाल्यावर दहा वर्षांनी देणगी जमते आणि वर घुमट चढतो. तेव्हा खालच्या खांबांचा, पायाचा आणि त्या पाचपट जोराचा हिशेब कोणी केला, हे विचारायचे सुचत नाही. काम श्रद्धेने होते, म्हणून प्रश्न विचारणे अवघड वाटते. पण तिथेच उत्सवाच्या दिवशी शेकडो माणसे जमतात.

जुन्या टाक्यांबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. आयएस १८९३ च्या १९८४ च्या आवृत्तीत उंच टाकीतले पाणी एकाच घट्ट वस्तुमानासारखे धरले जाई, आणि आडवा जोर साध्या इमारतीला लावावा तसा कमी येई. पाण्याचे सरकते आणि हिंदकळते हिस्से वेगळे धरून टाकीच्या कमी लवचीकतेला साजेसा जोर घ्यायचे बंधन याच संहितेच्या २०१४ च्या दुसऱ्या भागाने आणले. म्हणजे २०१४ पूर्वीच्या आराखड्याची प्रत्येक उंच टाकी आजच्या कसोटीवर पुन्हा तपासल्याशिवाय सुरक्षित म्हणता येत नाही. महापालिका अधिनियमात तीस वर्षे झालेल्या इमारतीचे स्थैर्य प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे. तेवढी वाट टाकीसाठी पाहू नये. क्लोरीनच्या वाफेत तीस वर्षे खूप झाली.

दुरुस्ती अशक्य नाही. खांबांना बाहेरून काँक्रीटचे किंवा पोलादाचे वेष्टण देता येते, आडव्या तुळया वाढवता येतात, रिंग बीमवरचा गंज काढून नवी सळई बांधता येते, आणि घुमटाच्या आतून संरक्षक थर देता येतो. यांतले बरेचसे काम नवी टाकी बांधण्यापेक्षा कमी खर्चात होते. पण ते भूकंपाआधीच करावे लागते. आणि भूकंपानंतर आग विझवायला, जखमींना आणि छावण्यांना पाणी लागते, तेव्हा हीच टाकी उभी असावी लागते.

म्हणून कात्रजच्या आणि भोवतालच्या गावांतल्या नागरिकांना विनंती आहे. आपल्या भागातल्या टाकीचा आराखडा कोणत्या वर्षाचा, २०१४ नंतर त्याची फेरतपासणी झाली का, रिंग बीम आणि घुमटाची आतली बाजू शेवटची कधी पाहिली, पाया कातळावर आहे की भरावावर, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. देवस्थानाच्या विश्वस्तांनी नव्या घुमटाची पावती फाडण्याआधी खालच्या खांबांचा दाखला मागावा. आणि समाधानकारक उत्तर हाती येईपर्यंत टाकीखालच्या सावलीत भाजीबाजार, अंगणवाडी किंवा ज्येष्ठांचा कट्टा भरू देऊ नका.